फटफटीचं केळवण

“नाव?” काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

“शाल्मली देवदत्त वायंगणकर.”

“तुझं नाही गं, मांजराचं.”

“फटफटी.”

त्या मुलीचा टाइप करणारा हात थांबला. तिच्या कोटावर प्रिसिला अशी नावाची पट्टी होती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग शाल्मलीकडे, मग काउंटरवरच्या वेताच्या टोपलीकडे. “फटफटी विमानात नेता येत नाही हं,” ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली आणि स्वतःच हसली.

“ती घुरघुरायला लागली ना, की आमच्या पोस्टमनकाकांच्या फटफटीसारखा आवाज येतो,” शाल्मलीनं खुलासा केला. “चालू करून दाखवू?”

“नंतर. आधी काट्यावर ठेव.”

शाल्मलीनं दोन्ही हातांनी टोपली उचलून काट्यावर ठेवली. लाल आकडे जरा नाचले आणि स्थिरावले. पाच पूर्णांक सहा.

प्रिसिलाचं हसू मावळलं. “सर, पाच किलोच चालतात. टोपली धरून.”

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. गोव्याचा विमानतळ, मे महिना, सकाळचे दहा. माझं वय चौसष्ट. विमानात मी तोवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. शाल्मली ही माझी नात, तेव्हा नऊ वर्षांची. आम्ही वेंगुर्ल्याहून पहाटे निघालो होतो आणि दिल्लीला तिच्या आईकडे जायचं होतं. कायमचं. म्हणजे ती कायमची राहणार आणि मी आठ दिवसांनी परत येणार.

माझी मुलगी मंजिरी परिचारिकेचं पुढचं शिक्षण घ्यायला दोन वर्षांसाठी दिल्लीला गेली होती. जावई बोटीवर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. त्यामुळे शाल्मली माझ्यापाशी राहिली. मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेला माणूस. घरात पुन्हा एक विद्यार्थी आला म्हणून मला कोण आनंद झाला होता. आता मंजिरीला दिल्लीतच नोकरी लागली, राहायला जागा मिळाली आणि तिनं लेकीला बोलावून घेतलं. शाल्मलीनं फोनवर एकच अट घातली. “फटफटी येणार असेल तरच मी येणार.”

“अगं, मांजर विमानातून कसं यायचं?”

“ते आबा बघतील.”

आबा म्हणजे मी. मी चौकशी केली. विमान कंपनीनं एक कागद पाठवला. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला हवा. टोपली हवेशीर हवी, पण तिच्या तळातून काही झिरपता कामा नये. मांजर आणि टोपली मिळून पाच किलो, त्यावर नाही. मी बुरुडाकडून टोपली करून घेतली, तळाला आतून रेक्झिन शिवून घेतलं. गाडेकरांच्या दुकानातल्या काट्यावर मांजर, टोपली आणि आतली गोधडी मिळून चार किलो सातशे भरली. तीन आठवडे हातात होते. मी शाळेत करायचो तसं रीतसर टाचण काढलं. पहिला आठवडा, झाकण उघडं. दुसरा आठवडा, झाकण बंद. तिसरा आठवडा, टोपलीसकट रिक्षातून बंदरापर्यंत फेरी.

शिकवण्याची माझी एक पद्धत होती. उत्तर सांगायचं नाही. मूल अडलं की मी फक्त “मग?” म्हणायचो आणि थांबायचो. एकदा एका गणितासाठी शाल्मली पायरीवर दीड तास बसली होती, पण उठली ती उत्तर घेऊनच. टोपलीचंही तेच. फटफटी आत जाईना तेव्हा शाल्मलीनं विचारलं, “आबा, आता काय करायचं?” मी म्हणालो, “मग?” ती विचार करत बसली. संध्याकाळी तिनं स्वतःचा जुना फ्रॉक टोपलीत अंथरला, आणि फटफटी जी आत गेली ती जेवायलाही बाहेर येईना.

सगळं टाचणाप्रमाणे चाललं होतं. पण आमच्या वाडीचा विचार टाचणात नव्हता.

पोर गाव सोडून निघाली म्हटल्यावर वाडीनं तिची केळवणं सुरू केली. लग्नाआधी मुलीला घरोघर जेवायला बोलावतात, तशी आज शेवंताकाकूंकडे, उद्या गाडेकरांकडे. पहिल्याच पानावर शाल्मली म्हणाली, “काकू, फटफटीपण चाललीय. तिचं केळवण?”

झालं. शेवंताकाकूंनी फटफटीसाठी वेगळी ताटली मांडली, तिच्याभोवती चार फुलं ठेवली आणि बांगड्याची दोन डोकी वाढली. दुसऱ्या दिवशी गाडेकरांनी सायीचं दूध दिलं. त्यांच्या मागे राहायचं कुणी? तीन आठवड्यांत ते मांजर एकवीस घरी जेवलं. लुर्दीनबाई आमच्या मासळीवाल्या, त्यांनी तर सलग तीन दिवस सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणली.

“लुर्दीनबाई, पुरे झालं. जड होईल ती,” मी म्हणालो.

“मास्तरानू, चेडू परमुलखात जाता,” टोपली डोक्यावरून उतरवत त्या म्हणाल्या. “थंय तेका बांगडो कोण घालतलो? तुमी गप ऱ्हवा.”

त्यांच्या लेखी फटफटी म्हणजे चेडू, पोरगीच. मी गप्प राहिलो.

तर त्या पाच पूर्णांक सहामागे आमची सगळी वाडी उभी होती.

“आतलं काही काढता येईल का बघा,” प्रिसिला म्हणाली.

शाल्मलीनं झाकण किंचित उचलून आत हात घातला आणि गोधडीखालून एक पुडकं ओढून काढलं. ते माझ्या ओळखीचं नव्हतं. पण वास ओळखीचा होता. सुकट! निघताना लुर्दीनबाई फटफटीचा निरोप घ्यायला टोपलीत वाकल्या होत्या, तेव्हा त्यांनी प्रवासाची शिदोरी आत सारली होती. काउंटरभोवती वास पसरला. मागच्या रांगेतल्या टाय लावलेल्या गृहस्थांनी रुमाल नाकाला लावला. त्यांच्यामागचे एक आजोबा मात्र पुढे सरकले. “सुकट वेंगुर्ल्याचं की मालवणचं हो?”

“वेंगुर्ल्याचं,” मी म्हणालो.

“वाटलंच!”

पुडकं त्यांच्या हवाली झालं. काटा म्हणाला, पाच पूर्णांक चार.

“गोधडी,” शाल्मली म्हणाली आणि तिनं ती सफाईनं ओढून काढली. पाच पूर्णांक दोन.

“छान! अजून?” आता प्रिसिलालाही चेव आला होता.

शाल्मलीनं फटफटीच्या गळ्यातली घुंगराची पट्टी काढली. काटा हलला नाही. ती ओठ चावत उभी राहिली. “नखं कापली तर?”

“नखांनी काय होणार गं?”

“मग तिला शी करायला लावू?”

टायवाले गृहस्थ दुसऱ्या रांगेत गेले. फटफटी टोपलीत शांत बसली होती. एकवीस केळवणं अंगी लावून ती तृप्त झाली होती आणि तिला कशाचीच घाई नव्हती.

प्रिसिलानं घड्याळ पाहिलं. “सर, पंधरा मिनिटांत काउंटर बंद होईल. सामानाबरोबर खाली पाठवायचं तर वेगळा पिंजरा लागतो, आणि आधी कळवावं लागतं. आज ते व्हायचं नाही. बाहेर कुणी आहे का? म्हणजे तिला घरी परत नेणारं?”

होतं. आमचा गाडीवाला बाबली बाहेरच थांबला होता. आम्ही आत गेल्याचं कळेपर्यंत हलू नकोस, असं मीच त्याला बजावलं होतं.

शाल्मलीनं गोधडीची नीट चौकोनी घडी घातली. रडली नाही. “मग मीपण परत जाते,” ती म्हणाली. “आईला फोन करा आबा. सांगा, फटफटीला घेत नाहीत.”

“पुढच्या महिन्यात परत बघू,” असं माझ्या तोंडून निघून गेलं.

“पुढच्या महिन्यात आईची नोकरी सुरू होणार. मग सुरुवातीला माझ्याजवळ राहायला तिला सुट्टी नाही. तीच म्हणाली होती.” तिनं टोपलीच्या मुठीला हात घातला. “चला.”

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितली नव्हती.

गुरुवारी, म्हणजे निघायच्या तीन दिवस आधी, शाल्मली शेवंताकाकूंकडे गेली असताना मी फटफटीला टोपलीत घालून पुन्हा गाडेकरांच्या काट्यावर ठेवलं होतं. पाच किलो तीनशे. गाडेकर म्हणाले, “मास्तर, वाढलं की हो!” मी म्हणालो, “बघू काहीतरी.” आणि काही केलं नाही. त्या संध्याकाळी लुर्दीनबाई सुंगटं घेऊन आल्या तेव्हा ती सोलून मीच ताटलीत घातली.

शाल्मली गेल्यावर घर कसं लागेल, हे मला दिवसभर आठवू नये म्हणून मी खूप कामं काढत होतो. पण रात्रीचं अंथरूण एकच घालायचं आहे, हे काही विसरता येत नव्हतं. काट्यानं ‘नाही’ म्हटलं असतं तर तो माझा दोष ठरला नसता. नियम कंपनीचा, मांजर वाडीनं वाढवलेलं. मी नुसता गप्प.

आणि अजून एक. टोपलीला रेक्झिन शिवलं त्याच्या आधी तळ लवू नये म्हणून मी एक फळी घातली होती. ती माझ्याखेरीज कुणाला माहीत नव्हती. चांगली पाव किलोहून जड होती. पाच पूर्णांक दोन हा आकडा दिसल्याबरोबर मला ती आठवली होती. तरी मी उभा राहिलो.

“मग?” मी सवयीनं म्हणालो.

शाल्मलीनं माझ्याकडे वर पाहिलं. “मग काय आबा? मला नाही येत.”

दोन वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. शाळेत मूल असं म्हणालं की मी आणखी थांबायचो, कारण उत्तर त्याच्या आवाक्यात आहे हे मला ठाऊक असायचं. इथं उत्तर रेक्झिनखाली शिवलेलं होतं. तिला ते जन्मभर सापडलं नसतं. मी थांबत होतो, पण ते शिकवणाऱ्याचं थांबणं नव्हतं. पोरगी माझ्यावर विश्वास टाकून उभी होती, आणि मी तिच्याशी लबाडी करत होतो.

“प्रिसिलाबाई,” मी म्हणालो, “कात्री आहे का?”

“कशाला?”

“टोपलीत फळी आहे. मीच घातलीय.”

मग जी धांदल उडाली! शाल्मलीनं फटफटीला उचलून छातीशी धरलं. प्रिसिलानं खणातून कात्री काढली आणि काउंटरला वळसा घालून ती स्वतःच खाली बसली. मी रेक्झिनची एक बाजू उसवली, सुकटवाले आजोबा “सावकाश, सावकाश” म्हणत टोपली धरून उभे राहिले. फळी टोपलीत अगदी बसती कापलेली, त्यामुळे ती निघेना. शेवटी आजोबांनी खालून ठोसा मारला तेव्हा ती उडून बाहेर आली. शेजारच्या काउंटरवरच्या मुलानं चिकटपट्टी दिली. रेक्झिन पुन्हा चिकटवलं. फटफटी आत, झाकण बंद, टोपली काट्यावर.

आकडे नाचले. पाच पूर्णांक शून्य दाखवून एक क्षण थबकले. मग चार पूर्णांक नऊ.

“गेली!” प्रिसिला ओरडली, आणि आपण गणवेशात आहोत हे आठवून तिनं तोंडावर हात ठेवला. रांगेतल्या चार-पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. टायवाल्या गृहस्थांनीसुद्धा दुसऱ्या रांगेतून मान हलवली.

शाल्मली मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. “आबा, तुम्ही उत्तर सांगितलंत!”

“हो.”

“तुम्ही कधीच सांगत नाही!”

“आज सांगितलं. चल आता, उशीर होतोय.”

पुढे तपासणीच्या दारात एक नवीनच प्रकार होता. टोपली यंत्रातून जाणार आणि मांजर माणसाच्या हातातून. शाल्मली फटफटीला खांद्याशी घेऊन चौकटीतून गेली. पलीकडच्या शिपाईबाईंनी यंत्र तिच्या अंगावरून फिरवायला सुरुवात केली आणि नेमकी तेव्हाच फटफटीनं इंजिन चालू केलं. बाई यंत्राकडे बघायला लागल्या. त्यांनी ते हलवून पाहिलं, कानाशी नेलं. आवाज सुरूच. “मशीन खराब हो गई क्या?” त्यांनी साहेबांना हाक मारली.

“मशीन नाही, मांजर,” शाल्मली म्हणाली. बाईंनी फटफटीच्या पोटाला कान लावला आणि मग त्यांनी दोन सहकाऱ्यांना बोलावून आणलं. त्यांनीही कान लावला. रांग थांबली ती थांबलीच.

विमानात शाल्मलीनं मला पट्टा बांधायला शिकवलं. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, “आता तुमचा तुम्ही सोडवून दाखवा.” मला सोडवता येईना. ती म्हणाली, “मग?” आणि हाताची घडी घालून बसली. ते विमान धावायला लागलं तेव्हा मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. समोरच्या आसनाखालच्या टोपलीत फटफटी डोळे मिटून आमच्याकडे तोंड करून बसली होती. सगळ्यांत शहाणी तीच.

खाली समुद्र दिसायला लागला. माझा जीव जरा जागेवर आला.

“आबा,” शाल्मली म्हणाली, “फळीचं पहिल्यांदाच का नाही सांगितलंत? मी गोधडी काढली तेव्हा?”

मुलांशी खोटं बोललं की ती पकडतात. लगेच नाही, पण पकडतात. मी तिला सगळं सांगितलं. गुरुवारचा काटा, सुंगटं, सगळं.

ती ऐकत राहिली. “म्हणजे मी जाऊ नये म्हणून?”

“हो.”

“ही चीटिंग आहे आबा.”

“आहेच.”

“पण मग उत्तर सांगितलंत.”

“सांगितलं.”

तिनं खिडकीच्या काचेवर बोटानं काहीतरी आकडेमोड केली. अखेर ती वळली. “दहापैकी सहा,” ती म्हणाली. “उशिरा सांगितलं म्हणून चार कापले.”

मी आयुष्यात इतक्या आनंदानं गुण घेतले नव्हते.

मग ती माझ्या दंडाला चिकटून बसली आणि एकदम बारीक आवाजात म्हणाली, “मीपण एक सांगू? कुणाला सांगायचं नाही.”

“नाही सांगत.”

“फटफटी मला का हवी होती माहितीय? आई मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला आली होती. तेव्हापासून मी दारावरच्या खुणेपेक्षा चार बोटं वाढलेय. माझे पुढचे दात नवीन आलेत. केस कापलेत. फोनवर आवाज कळतो, पण तिथं खूप मुली असतील. आईनं मला ओळखलं नाही तर?”

तिनं आसनाखालच्या टोपलीकडे बोट दाखवलं.

“म्हणून फटफटी. मांजरं बदलत नाहीत ना. आई तिला लगेच ओळखेल, आणि मग तिच्या शेजारी बघेल तर मी.”

तीन आठवडे मी समजत होतो की पोरगी मांजरासाठी हट्ट करते. मंजिरी शेवटची आली तेव्हा फटफटी कशी होती, ते मला आठवलं. नुकतीच घरात आलेली, हाडं मोजून घ्यावीत अशी, शेपटी काडीसारखी. मी आसनाखालच्या टोपलीकडे पाहिलं. चार किलोचा तो लोकरीचा गोळा टोपलीच्या दोन्ही बाजूंना टेकला होता. मी तोंड मिटून घेतलं. या वेळी उत्तर सांगणं बरोबर झालं नसतं.

दिल्लीला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. शाल्मलीनं टोपली माझ्याकडे दिली नाही. “मी पुढे धरते,” ती म्हणाली, “म्हणजे आधी ती दिसेल.” दोन्ही हातांनी टोपली छातीसमोर धरून, तिच्या वरून फक्त डोळे दिसतील अशा बेतानं ती चालत होती. दार उघडलं. पलीकडे कठड्याला टेकून माणसांची ही गर्दी, पाट्या, फुलं, हाका.

“शालू!”

मंजिरीनं टोपलीकडे पाहिलंही नव्हतं. तिला लेकीचं कपाळ आणि दोन डोळे तेवढे दिसले असतील. ती कठड्याखालून वाकून आत शिरत होती, रखवालदार तिला “मॅडम, मॅडम” म्हणत अडवत होता. शाल्मलीनं टोपली आहे तिथं जमिनीवर ठेवली आणि ती धावत सुटली. मागे वळूनही पाहिलं नाही.

मी टोपली उचलली आणि सावकाश चालत त्यांच्यापाशी गेलो. दोघी एकमेकींना सोडत नव्हत्या. मंजिरी लेकीचे गाल, केस, नवीन दात पुन्हा पुन्हा बघत होती आणि म्हणत होती, “तश्शीच आहेस गं! अगदी तश्शीच आहेस!”

मग डोळे पुसत ती माझ्या पाया पडायला वाकली आणि तिची नजर टोपलीत गेली. आतून फटफटीनं तिच्याकडे थंडपणे पाहिलं. मंजिरी वाकलेलीच राहिली.

“आणि आबा,” तिनं विचारलं, “हे कुणाचं मांजर?”